‘ढ’ अक्षराला रंग द्या

मराठी वर्णमालेतील दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या वाट्याला आली नसेल एवढी बदनामी ‘ढ’ या एका अक्षराच्या वाट्याला आली आहे. ‘घ’ म्हटले की घर आठवते, ‘छ’ म्हटले की छत्री आठवते. पण ‘ढ’ म्हटले की शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलेले एक लेकरू आठवते. गणित चुकले, ढ. पाढा अडखळला, ढ. मागून फळा दिसला नाही म्हणून वहीत उतरवून घेता आले नाही, तरीही ढच. एका अक्षराचा शिक्का; पण तो एकदा कपाळी बसला की पुसता पुसला जात नाही. हा शिक्का कोणत्या वस्तीतील, कोणत्या घरातील मुलांच्या कपाळी अधिक वेळा बसला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणूनच लहान मुलांना रंगांच्या साहाय्याने अक्षर कसे शिकवावे याविषयी चार शब्द लिहायचे ठरले, तेव्हा आम्ही उदाहरणाला ‘अ’ घेतला नाही, ‘क’ घेतला नाही. मुद्दाम ‘ढ’ घेतला.

आम्ही पोटासाठी कारकुनी करतो. बी.कॉम. झालो आणि जमाखर्चाच्या आकड्यांत रमलो. गाव दुसरबीड, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. मुंबईहून नागपूरला जाणारा जुना हमरस्ता आमच्या गावावरून जातो. दर रविवारी सकाळी वस्तीतील विहारात आम्ही लहान मुलांचा अक्षरवर्ग घेतो. आमच्या सहचारिणी आणि कॉलेजात शिकणारी दोन-तीन मुले मदतीला असतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या तीन महिन्यांत तर संध्याकाळीही वर्ग भरतो. त्या काळात विहारात ग्रंथवाचन असते. निंदणाहून आलेल्या आया-बहिणी हातपाय धुऊन वाचनाला येऊन बसतात. त्यांचे बोट धरून लेकरे येतात. मोठी माणसे ऐकतात, लेकरे चुळबूळ करतात. त्या चुळबुळीतूनच हा वर्ग सुरू झाला.

आमच्या कामाच्या ठिकाणी आजही कागदावर अंगठा उठवणारी माणसे येतात. शाईच्या पॅडवर अंगठा दाबताना ती आजूबाजूला पाहतात, अंगठा कागदावर टेकवतात आणि उरलेली शाई हळूच डोक्याच्या केसांना पुसतात. जन्मभर कष्ट केलेला तो हात त्या एका क्षणी लाजतो. रविवारी विहारात आम्ही पाहतो ती बोटेही रंगाने भरलेली असतात. हळद, गेरू, कोळसा, मेणखडू, सगळे नखांत गेलेले. पण ती बोटे कोणी लपवत नाही. उलट, “काका, पाहा!” म्हणून नाकासमोर धरतात. बोटाला लागणाऱ्या रंगाचे हे दोन प्रकार आहेत, आणि पहिला रंग लागायचा नसेल तर दुसरा वेळेवर लागला पाहिजे, एवढेच आमच्या सगळ्या खटाटोपाचे सार आहे.

गेल्या पावसाळ्यात एक माउली आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी सात वर्षांची, दुसरीत जाणारी. माउली दारातूनच म्हणाली, “भाऊ, हिले बसू द्या, पन लय मेहनत घेऊ नका. माही पोरगी ढ हाये. शाळंतबी तसंच म्हन्तात.” मुलगी बाजूला उभी राहून हे ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता की रडू नव्हते. जसे कोणी आपले नाव सांगावे आणि आपण ते ऐकावे, तशी ती ऐकत होती. वाचकहो, काळजी वाटावी ती याच गोष्टीची. दुसऱ्याने मारलेला शिक्का मुलाला आपले नाव वाटू लागला, की पुढची सगळी शिकवणी वाया जाते.

शाळेत मिळालेली जागा आणि डोक्यातील बुद्धी यांचा काही संबंध नसतो, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. त्या मुलाला वर्गात बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी आणावे लागे. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. गोणपाटावर बसलेला तो मुलगा पुढे काय झाला, हे जगाला माहीत आहे. प्रत्येक मूल बाबासाहेब होणार नाही. पण कोणते मूल काय होईल, हे दुसरीच्या वर्गात ठरवून टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता या ‘ढ’ अक्षराचे मूळ पाहू. आपल्या देवनागरीचे मूळ ब्राह्मी लिपीत आहे. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात याच लिपीत आपले लेख खडकांवर आणि स्तंभांवर कोरून घेतले. मधल्या काळात ही लिपी वाचणारा कोणी उरला नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ती पुन्हा उलगडली. आपल्या महाराष्ट्रातही सोपारा येथे अशोकाच्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. दोन हजारांहून अधिक वर्षांत ब्राह्मी अक्षरांची रूपे इतकी पालटली, की अशोकाचा ‘क’ आज आपल्याला ओळखू येणार नाही. तो साध्या अधिकच्या चिन्हासारखा होता. पण ‘ढ’ मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला. त्याच्या डोक्यावर पुढे आडवी रेघ आली, एवढाच काय तो फरक. शिकवून न बदलणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात ते यावरूनच, अशी या शब्दाची एक उपपत्ती सांगितली जाते.

ती खरी मानली, तरी आम्ही तिचा अर्थ वेगळा लावतो. सगळी अक्षरे काळाबरोबर वाकली, वळली, तुटली. हे एक अक्षर टिकले. अशोकाच्या कारागिराने छिन्नीने कोरलेला ‘ढ’ आमच्या दुसरबीडच्या पोराने कोळशाने रंगवलेल्या ‘ढ’ शेजारी ठेवला, तर दोघे एकमेकांना ओळखतील. आणखी एक गोष्ट. गिरनारच्या शिलालेखांतील बाराव्या लेखात ‘सारवढी’ हा शब्द आहे. सर्व पंथांतील जे सार, त्याची वाढ व्हावी, असा त्या ठिकाणी अशोकाचा आशय आहे. त्यातील ‘वढी’ म्हणजे आपली आजची ‘वाढ’. तेव्हा हे अक्षर मठ्ठपणाचे नाही. दोन हजार वर्षांपूर्वीही ते वाढीच्याच शब्दात बसलेले होते.

हे सगळे सात वर्षांच्या मुलांना सांगून चालत नाही. त्यांच्यापुढे अक्षर ठेवायचे ते हाताने, डोळ्यांनी आणि तोंडाने. येथे रंग कामाला येतो.

रंगवणे म्हणजे मुलांना गप्प बसवण्याचा उद्योग, असे अनेक पालक समजतात. तसे नाही. इटलीत मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी १९०७ मध्ये रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत बालगृह उघडले. आई-बाप कामावर गेल्यावर मागे उरणारी ती मुले होती. बाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मुलांना त्यांवरून बोट फिरवायला दिले. त्याचबरोबर धातूच्या चौकटीतून आकार काढून घेऊन ते रंगीत पेन्सिलींनी भरायला दिले. रंग भरताना हात हजार वेळा रेघ ओढतो, काठाशी थांबतो, मागे वळतो. पेन्सिल धरायची ताकद आणि थांबवायचा ताबा त्यातून येतो. अक्षर लिहिण्याची निम्मी तयारी मुलाच्या नकळत झालेली असते.

आपल्या महाराष्ट्रात ही दृष्टी गरिबाच्या अंगणात नेली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे काम करता करता ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत दोघींनी काम केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात न्यावी, असा त्यांचा खाक्या होता. महागडी साधने नव्हती, म्हणून खडे, बिया, पाने, शिंपले हीच साधने झाली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगावी पोचला. तेव्हा रंगातून अक्षर शिकवणे ही काही इंग्रजी नर्सरीची मिरास नाही. ती मुळात कष्टकऱ्यांच्या मुलांसाठीच शोधलेली वाट आहे.

आता आमचा ‘ढ’ कसा शिकवला जातो ते सांगतो. ज्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही अशा आई-बापांनाही हे करता येईल.

पहिली गोष्ट, ‘ढ’ हे मुलाचे पहिले अक्षर नसावे. र, ग, म, न, ट, ठ, ब, ल अशी सोपी वळणे आधी हाताखालून जाऊ द्यावीत. विशेषतः ‘ट’ पक्का झाल्यावरच ‘ढ’ घ्यावा. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला तर अक्षरच देऊ नये. त्याला गिरगोट्या काढू द्याव्यात, गोल काढू द्यावेत, आडव्याउभ्या रेघा मारू द्याव्यात. त्या गिरगोट्यांना हसू नये. अक्षराची पेरणी त्यातच होत असते. पाच-सहा वर्षांचे मूल अक्षराला तयार होते.

दुसरी गोष्ट, अक्षराआधी आवाज. मुलांना विहाराच्या ओट्यावर नेऊन आम्ही आषाढाचे आभाळ दाखवतो. वर काय आहे? ढग. वाजतो काय? ढोल. नांगरलेल्या रानात पायाला काय लागते? ढेकूळ. सोयाबीन सोंगून खळ्यावर काय लावतो? ढीग. मग तोंडासमोर तळहात धरून आधी ‘ड’ म्हणायला सांगतो, नंतर ‘ढ’. ‘ढ’ म्हणताना हातावर वाऱ्याचा झोत लागतो. कागदाची पट्टी तोंडासमोर धरली तर ती हलते. “काका, ढ फुंकर मारतो!” असे मुले म्हणतात, आणि महाप्राण हा व्याकरणातला भारदस्त शब्द न उच्चारताच त्यांना समजलेला असतो.

तिसरी गोष्ट, जमिनीवर मोठे अक्षर. खडूने विहारासमोरच्या फरशीवर माणसाएवढा ‘ढ’ काढायचा आणि मुलांना त्यावरून चालायला लावायचे. वरून सरळ खाली, डावीकडे वळून पोट फिरवून पुन्हा उजवीकडे, आणि शेवटी आत वळून गाठ. पाय चालले की हात चालतो. नंतर ताटात बारीक माती किंवा राख पसरून बोटाने तेच वळण.

इथे गाठ कशी घ्यावी, हे मुलांना सांगताना आम्ही अडखळत होतो. तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेली तीच माउली पुढे आली. तिने मातीत आधी ‘ट’ काढून घेतला आणि म्हणाली, “हा दोर समजा. भारा बांधतांनी टोक कसं आत घेता? तसं घ्या, झाली गाठ.” सगळ्या मुलांनी भारा बांधताना पाहिलेला होता. एका क्षणात वीस बोटांनी वीस गाठी मारल्या. ‘द’ आणि ‘ढ’ यांत मुले नेहमी गोंधळतात. त्यावर तिनेच तोडगा दिला: ‘द’ची शेपटी बाहेर लोंबते, ‘ढ’ची गाठ पोटात राहते. त्या माउलीने कधी पाटी-पेन्सिल धरलेली नव्हती. शिकवण्याचे शहाणपण आणि लिहिता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही त्या संध्याकाळी पाहिले.

चौथी गोष्ट, रंग. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर हाताच्या पंजाएवढे पोकळ अक्षर काढून द्यावे. पोकळ म्हणजे दोन रेघांच्या मधली जागा मोकळी सोडलेले. मुलाने रंग भरायचा तो वाटेल तसा घासून नव्हे, तर अक्षर ज्या दिशेने लिहितात त्या दिशेने. वरची दांडी एका रंगात, पोट दुसऱ्या रंगात, आतली गाठ तिसऱ्या रंगात. तीन रंग म्हणजे हाताचे तीन टप्पे. असे चार-पाच वेळा झाले की एका रंगात पूर्ण अक्षर. मग पोकळ अक्षराऐवजी नुसते ठिपके, आणि शेवटी कोरा कागद. ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. कोऱ्या कागदावर अक्षर उतरले, तरच ते मुलाचे झाले.

बाजारात मिळणाऱ्या रंगवण्याच्या पुस्तकांत एक दोष आढळतो. चित्र पानभर असते आणि अक्षर कोपऱ्यात मुंगीएवढे. मूल ढग रंगवून मोकळे होते, अक्षराला हातही लागत नाही. आई समजते, ढ झाला. झाला तो ढग! पुस्तक विकत आणले असेल तर अक्षर शेजारी मोठे काढून द्यावे, आणि आधी अक्षर, मग चित्र, असा क्रम ठेवावा.

रंगांसाठी खर्च लागतो का? आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून सांगतो: फारसा नाही. हळद पिवळी, गेरू तांबडा, चुलीतला कोळसा काळा, पालेभाजीचा रस हिरवा, बिटाचा गुलाबी, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बांधावरच्या पळसाची फुले भिजवली की केशरी. मेणखडूची पेटी आणली तर तुकडे झाले म्हणून मुलाला रागावू नये. आखूड तुकडा मुठीत धरता येत नाही, तो तीन बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो आणि लेखणी धरण्याची सवय आपोआप लागते. मात्र शेंदूर आणि होळीचे रंग मुलांच्या हाती कदापि देऊ नयेत. शेंदरात शिसे असते आणि लहान मुलांची बोटे तोंडात जातात.

कोणी ढग तांबडा रंगवला तर “ढग कुठे तांबडा असतो का?” असे विचारू नये. सूर्य मावळताना असतो. रंग रेघेबाहेर गेला तर तो जाऊ द्यावा. आज बाहेर गेलेला हात महिन्याभराने आत राहतो. ज्या घरात कागद खराब झाला म्हणून मार बसतो, त्या घरातले मूल कागदालाच भिऊ लागते.

पाचवी गोष्ट, शब्दांची निवड. मुलाने जे कधी पाहिले नाही ते अक्षरासोबत देण्यात अर्थ नाही. जुन्या अंकलिप्यांत ‘अ’ अननसाचा असे. आमच्या गावातील किती मुलांनी अननस पाहिला असेल? ‘ऊ’ उसाचा म्हटले की मात्र ती लगेच बोलू लागतात, कारण दुसरबीडचा बंद पडलेला साखर कारखाना घराघरातल्या बोलण्यात आहे. तसाच ‘क’ कापसाचा, ‘त’ तुरीचा, ‘प’ पळसाचा. ‘ढ’च्या बाबतीत आम्ही एक शब्द ठरवून बाजूला ठेवला. तो म्हणजे ढोर. हा शब्द जनावराला लावतात, कातडे कमावणाऱ्या एका जातीचेही ते नाव आहे, आणि भांडणात माणसाच्या तोंडावरही तो फेकला जातो. जनावर दाखवायचे तर आम्ही ‘ब’ बैलाचा आणि ‘ग’ गायीचा करतो. ज्या शब्दाने एखाद्या लेकराची मान खाली जाईल, तो शब्द आमच्या वर्गात रंगवला जात नाही. शब्दकोशात तो राहणारच. मोठी झाल्यावर मुले त्याचा इतिहासही वाचतील. पण अक्षराची पहिली ओळख अपमानाच्या सोबतीने होऊ नये.

सहावी गोष्ट, अक्षराची शोधाशोध. हे मुलांना सर्वांत आवडते. जुने वर्तमानपत्र आणि एक रंगखडू द्यायचा आणि सांगायचे, दिसेल त्या ‘ढ’भोवती गोल करा. पहिल्या दिवशी मुले दोन-तीन शोधतात. आठवड्याने पान रंगून जाते. पुढे, वाढदिवस, पेढा, ओढा, चढ, गाढव, दाढी, आषाढ. एका मुलाने मथळ्यातला ‘लढा’ शोधून आणला आणि त्याचा अर्थ विचारला. आम्ही सांगितला. मग मुलांनीच यादी केली, की शब्दाच्या सुरुवातीला असतो तेव्हा हा ढ ढगात आणि ढेकळात असतो, पण आत शिरला की वाढीत, ओढीत, चढात आणि लढ्यात सापडतो.

हमरस्त्यावर एस.टी. थांबते. गाड्यांच्या पाट्या वाचणे हाही आमच्या वर्गाचा भाग आहे. पंढरपूरच्या पाटीवर ‘ढ’ सापडतो, औंढ्याच्या पाटीवर सापडतो. आणि सगळ्यांत जवळचा ‘ढ’ तर आपल्या जिल्ह्याच्या नावातच आहे. बुलढाणा! रेशनकार्डावर, जातीच्या दाखल्यावर, शाळेच्या निकालपत्रावर, पत्त्याच्या शेवटी तो बसलेला असतो. ज्या अक्षरावरून मुलाला हिणवतात, त्या अक्षराशिवाय त्याचा पत्ता पुरा होत नाही.

एका रविवारी मुलांना घेऊन रस्त्याने पाट्या पाहत चाललो होतो. ती सात वर्षांची मुलगी एका दुकानाच्या पाटीसमोर थांबली आणि हलेना. म्हणाली, “काका, यानं चुकवलं. इथं ढ नाई, ड हाये.” पाहतो तर खरेच पाटीवर ‘जि. बुलडाणा’ असे लिहिलेले. त्या रस्त्याने आम्ही वर्षानुवर्षे जातो-येतो. गावातील शिकलेली माणसेही रोज ती पाटी पाहतात. कोणाच्या डोळ्याला ते खटकले नव्हते. आपल्या जिल्ह्याचे नाव ‘ड’ने आणि ‘ढ’ने अशा दोन्ही प्रकारे छापले जाते, मूळ नाव भिलठाणा होते असेही सांगतात, तेव्हा त्या पाटीवाल्याचे फार चुकले असे नाही. आम्ही तिला हे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “मंग माह्या वहीत मी कोनता लिहू?” आम्ही म्हटले, “तुला कोणता आवडतो?” ती म्हणाली, “गाठीचा.”

‘ड’ आणि ‘ढ’ यांतील फरक चालता चालता पाटीवर ओळखणारी मुलगी मठ्ठ कशी असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. आम्ही तिच्या आईला एवढेच सांगितले, की हिला पुन्हा त्या नावाने हाक मारू नका आणि दुसऱ्या कोणी मारली तर त्याला थांबवा. दिवाळीनंतर ती मुलगी दुसरीच्या पुस्तकातील धडा बोट ठेवून वाचू लागली. अडखळते, थांबते, पण वाचते. वर्गातील प्रत्येक मुलाचे असे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. दोन मुले आई-बापांसोबत कामासाठी परगावी गेली आणि त्यांचे कागद आमच्याकडे अर्धे रंगवलेले पडून आहेत. ते आम्ही जपून ठेवले आहेत.

समाजबांधवांना आमची विनंती आहे. शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार मराठी वर्णमालेत ५२ वर्ण आहेत आणि वर्षात आठवडेही ५२ असतात. आठवड्याला एक अक्षर म्हटले, तरी वर्षभरात वर्णमाला पुरी होते. त्यासाठी फार शिकलेला माणूस लागत नाही. एक खडू, थोडी माती, थोडा रंग आणि रविवारचा एक तास लागतो. विहाराला फरशी आहे, भिंत आहे, छप्पर आहे. वंदना झाल्यावर कुलूप लावून जाण्याऐवजी तो एक तास लेकरांना द्यावा. बापाने दिवसभर काम करून आल्यावर मुलाचा रंगवलेला कागद हातात घेऊन पाहावा, “हे कोणते अक्षर?” म्हणून विचारावे. त्याला स्वतःला ते येत नसेल, तर मुलाकडून शिकून घ्यावे. मुलाला याहून मोठे बक्षीस नाही. शाळेत जाऊन गुरुजींनाही नम्रपणे पण स्पष्ट सांगावे, की आमच्या मुलाला समजले नसेल तर पुन्हा सांगा. नाव ठेवू नका.

येत्या रविवारी आमच्या वर्गात ‘ण’ घ्यायचा आहे. या अक्षराने सुरू होणारा शब्द मराठीत सहसा मिळत नाही, म्हणून चित्र कशाचे काढावे हा प्रश्नच असतो. पण वर्णमालेत ‘ढ’च्या पुढे ‘ण’ येतो आणि बुलढाण्यातही ‘ढ’च्या पुढे ‘ण’च लागतो. मुलांना आपल्या जिल्ह्याचे नाव पुरे लिहायचे आहे, तेव्हा बाण काढू. कोळसा वाटून ठेवला आहे, हळदही आणून ठेवली आहे.